खाल्लेली चिठ्ठी

१७ फेब्रुवारी, गुरुवार
ऑफिसातून, जेवणाच्या सुट्टीत

प्रिय खटपट्या,

अनेक आशीर्वाद. तुझ्या बायकोला आणि चिमणीलाही. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा सकाळी दुखतो आणि शेजारीण गप्पा मारायला आली की थांबतो, त्यामुळे डॉक्टरने औषध नक्की कशावर द्यावं हा प्रश्नच आहे. चष्मा बदललाय. नव्या चष्म्यातून तिला माझे पांढरे केस दिसू लागलेत आणि ती रोज मोजून सांगते.

पत्रास कारण आहे, पण ते लगेच लिहायचं धाडस होत नाही, म्हणून आधी इकडतिकडचं लिहिते. तू समजून घेशील. मी आडवेढे घेते तेव्हा तुला आधीच कळतं.

सोमवारपासून तुला तीनदा फोन केला. पहिल्यांदा आईच्या चष्म्याबद्दल बोलले. दुसऱ्यांदा चिमणीचे पुढचे दात आले का ते विचारलं. तिसऱ्यांदा तूच म्हणालास, "ताई, बरी आहेस ना?" आणि मी "मला काय धाड भरलीये!" म्हणून फोन ठेवून दिला. तेव्हाच ठरवलं की हे लिहूनच सांगावं लागणार. फोनवर तू मध्ये बोलतोस, आणि तू मध्ये बोललास की मी गप्प बसते. आज कुरिअरने पाठवते आहे, म्हणजे शनिवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. सोमवारच्या आत पडायलाच हवं.

ऑफिसची एक बातमी. डिसेंबरात मला मीटर तपासणी विभागाची प्रमुख केलं. हो, दोन महिने झाले. तुला कळवलं नाही. आईलाही फक्त "काम वाढलंय" एवढंच सांगितलं, आणि ती बिचारी "किती राबवून घेतात गं तुला" म्हणून हळहळली. मी मूग गिळून बसले. का, ते पुढे येईल.

आता तुझं पत्र. आईला आलेलं, म्हणजे घरादाराला आलेलं. तिने सोमवारी चहाच्या वेळी ते मोठ्याने वाचून दाखवलं. त्या निवासी शाळेने तुला हस्तकला शिक्षकाची कायमची जागा देऊ केली आहे, राहायला घर आहे, चिमणीला त्याच शाळेत घेतील, आणि तू सोमवारी, एकवीस तारखेला, नाही म्हणून कळवणार आहेस. पुढचं वाक्य आईने दोनदा वाचलं. "ताईने स्वतःचे हात बाजूला ठेवून मला बाहुल्यांच्या दोऱ्या दिल्या, त्या मी पगारासाठी खुंटीला टांगू?" आईचे डोळे भरून आले. म्हणाली, "दोघंही माझी गुणाची." मी अर्धा चहा तसाच ठेवून उठले.

त्या पत्रात तुझ्या अंगठ्याच्या सुजेबद्दल अर्धी ओळ होती. मागच्या खेळाला अकरा माणसं होती, हे तू गंमत म्हणून लिहिलं होतंस. चिमणीची ही तिसरी शाळा. तुझी बायको फोनवर म्हणाली, "त्यांची इच्छा." ती इतकं कमी बोलते तेव्हा तिला खूप बोलायचं असतं, एवढं मलाही कळतं.

तेव्हा ऐक. ती चिठ्ठ्यांची गोष्ट आपल्या नातलगांत सगळ्यांना पाठ आहे. बाबा गेले, पाणीपुरवठ्याच्या ऑफिसने कळवलं की त्यांच्या जागी आपल्या दोघांपैकी एकाला घेऊ. मी बावीसची, तू एकोणीसचा. दोघंही मास्तरांकडे कळसूत्री बाहुल्या शिकत होतो. कुणी जायचं हे आईला ठरवता येईना, म्हणून मामा म्हणाला, चिठ्ठ्या टाका. एकीवर 'ऑफिस', एकीवर 'बाहुल्या'. मी थोरली म्हणून आधी उचलली आणि मला ऑफिस आलं. तू दुसरीला हात घालणार तोच मी ती हिसकावून तोंडात टाकली आणि चावून खाल्ली. बाबा गेल्यावर तू पहिल्यांदा हसलास तो तेव्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला म्हणालास, "ताई, तुझे हात माझ्याहून चांगले आहेत. अदलाबदल करू." मी नाही म्हणाले. त्या नाहीमुळे मी थोर झाले.

चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या, हे कुणाला आठवतही नाही. दोन्हींवर 'ऑफिस'च लिहिलं होतं. खाल्लेली चिठ्ठी तू बघितली असतीस तर भांडं फुटलं असतं, म्हणून ती पोटात गेली. वहीचा कागद होता, जाड. दोन दिवस घसा दुखत होता.

थांब. तुझे डोळे भरून आले असतील, मला माहीत आहे. 'म्हणजे ताईने मुद्दाम माझ्यासाठी!' आता हे खेळाच्या शेवटच्या भाषणात घालायचं मनातल्या मनात ठरवू नकोस. पुढे वाच.

ते मी तुझ्यासाठी केलं नाही, माझ्यासाठी केलं. मला ऑफिसच हवं होतं.

बाबा जायच्या तीन महिने आधी आपण मास्तरांबरोबर नाट्यगृहात खेळ केला, आठवतो? बाहुल्यांतला म्हातारा बूट घालतो तो प्रसंग मी केला होता. समोर अंधारात दोनशे माणसं होती आणि मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. खेळाआधी मी मागच्या मोरीत दोनदा ओकले. तुला सांगितलं की पित्त झालंय. हात थरथरले नाहीत, चूकही झाली नाही. म्हाताऱ्याने बूट घातला, लोक हसले, टाळ्या वाजल्या. मास्तर म्हणाले, "पोरी, असे हात शंभरात एकाला मिळतात." मला त्या वेळी एवढंच वाटलं की सुटले बुवा! तू मात्र खेळ संपल्यावर तासभर बाहुल्या गुंडाळायलाच तयार नव्हतास. रिकाम्या खुर्च्यांसमोर राजकन्येला चालवत बसलास. मी पिशवी घेऊन दारात उभी होते, घरी कधी जातो असं झालं होतं मला.

हात होते, रे. आवड नव्हती. दोन्ही एकाच माणसाला मिळतात असं सगळे धरून चालतात, आणि हात आहेत त्याने नाही म्हटलं तर तो त्याग ठरतो.

आणि बाबांची ती खोली मला आवडायची. त्यांचा डबा विसरला म्हणून मी एकदा द्यायला गेले होते. लांब बाकावर सहा मीटर एका ओळीत लावलेले, सगळ्यांमधून एकच पाणी जातं आणि शेवटी टाकीत पडतं. टाकीत किती पडलं ते बघायचं आणि कोणता मीटर खोटं बोलतो ते पकडायचं. बाबांनी मला एक पकडू दिला. कुणी बघत नव्हतं, कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. मी घरी येईपर्यंत त्याच विचारात होते.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते. बाबा गेल्यावर चौथ्या दिवशी त्यांचे साहेब घरी आले आणि म्हणाले, दोघांपैकी एकाला घेऊ. मी पाण्याचा पेला घेऊन उभी होते. तेव्हा मला आनंद झाला. आत आई रडत होती, बाबांची चप्पल अजून दारातच होती, आणि मला आनंद झाला. क्षणभर नाही, चांगला संध्याकाळपर्यंत टिकला. मग मी इतकी घाबरले की न्हाणीघरात जाऊन स्वतःच्या थोबाडीत मारली. बाप मेल्याने मिळालेली जागा पोरीला हवीहवीशी वाटते, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून मामाने चिठ्ठ्यांचं काढलं तेव्हा मला देवच पावला. नशिबाने दिली म्हटलं की माझ्यावर काही येत नव्हतं.

पुढचं तुम्हीच केलंत. हळूहळू मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंत आणि मी वर आरामात बसले. मी लग्न न केल्याचंसुद्धा लोकांनी तुझ्याच खात्यावर टाकलं. अरे, मला कुणी आवडला नाही, एवढंच होतं ते. तू दर खेळानंतर म्हाताऱ्याला खांद्यावर घेऊन पुढे येतोस, ताईने चिठ्ठी कशी खाल्ली ते सांगतोस, आणि मग तिसऱ्या रांगेत माझ्याकडे हात करतोस. माना वळतात. मागे एका बाईंनी माझा हात धरून म्हटलं, "धन्य आहात." मी "छे हो" म्हणाले, आणि इतक्या सराईतपणे म्हणाले की त्यांना मी आणखीच धन्य वाटले.

म्हणून बढतीचं कळवलं नाही. त्याग केलेल्या बाईने कामावर खूश असणं बरं दिसत नाही. एकवीस वर्षं मी रोज सकाळी त्या खोलीचं कुलूप आनंदाने उघडते आहे आणि घरी येताना दमल्यासारखं तोंड करते आहे.

इथवर असतं तर मी कदाचित लिहिलंच नसतं. खोटं होतं, पण माझ्यापुरतं होतं, अशी समजूत काढता आली असती. पण ते माझ्यापुरतं राहिलं नाही.

आठ वर्षांपूर्वी तू ऑफिसात आला होतास. चिमणी दोन महिन्यांची होती. आपण जिन्यात उभे होतो. खेळण्यांच्या कारखान्यात नमुने बनवायची नोकरी चालून आली होती. तू विचारलंस, "घेऊ का, ताई?" मी म्हणाले, "घे की. माझं काय, मी तर कधीच सोडलं. निदान एकाने तरी धरून ठेवावं असं वाटायचं, बाकी काही नाही." तू दोन पायऱ्या उतरलास, थांबलास, वर बघून म्हणालास, "नाही घेत मी."

मला तेव्हा बरं वाटलं, खटपट्या. तू बाहुल्या सोडल्या असत्यास तर माझा त्याग कशासाठी, असं कुणीतरी विचारलं असतं. मग मी नुसती मीटर तपासणारी बाई उरले असते. तुझ्या घरी दोन महिन्यांचं पोर होतं आणि मी माझा मोठेपणा सांभाळत होते. त्यानंतर तू मला परत कधी विचारलं नाहीस. या वेळी तर आईलाच लिहिलंस. मला या गोष्टीची लाज वाटते. माफी मागते, पण आठ वर्षं परत देता येत नाहीत, हे मला कळतं.

तू शाळेत जा असं मी सांगत नाही. तो हक्क मी त्या जिन्यातच गमावला. गेल्या वर्षी तुझा खेळ बघायला आले होते तेव्हा तू म्हाताऱ्याला बूट घालायला लावलास आणि माझ्या कधी लक्षातही न आलेली एक गोष्ट केलीस. बूट घातल्यावर म्हातारा तो जमिनीवर दोनदा आपटून बघतो. मला ते बघताना रडू आलं. पण ते करताना तुला अजून तसं वाटतं का, जसं रिकाम्या खुर्च्यांसमोर वाटत होतं? मला माहीत नाही. एकवीस वर्षांत विचारलंच नाही मी. वाटत असेल तर सुजलेल्या अंगठ्यासकट कर, चिमणीला दहावी शाळा बघावी लागली तरी कर, आणि तुझी बायको काय म्हणते ते एकदा बसून ऐक. वाटत नसेल तर सोड. लाकूडकाम, कागदकाम, पोरांचा गोंगाट यात तुला मजा येईल असा माझा आपला अंदाज, पण माझ्या अंदाजांना तू फार किंमत देऊ नयेस.

माझा राग येईल. यायलाच हवा. फक्त तो मंगळवारी काढ. रागाच्या भरात हो म्हणू नकोस आणि माझ्या नावाने नाही म्हणू नकोस. सोमवारी जे कळवशील त्यात मी कुठेही नको.

आईला मी रविवारी सांगणार आहे. चौथ्या दिवसाचंही सांगणार आहे, ते सगळ्यात जड जाईल. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तेव्हा मामापासून सगळ्यांना आपोआप कळेल. कळू दे.

सुट्टी संपली. बाकावर सहा मीटर लावून ठेवलेत, लोक वाट बघताहेत. अंगठ्याला शेक घेत जा. चिमणीला आत्याचा पापा.

जिचे तुझ्यावर कसलेही उपकार नाहीत, अशी
तुझी ताई