सभागृहाच्या गॅलरीतून

ठोंब्या,

सवयीने ‘चिरंजीव’ लिहायला गेले आणि हात थबकला. महिना झाला तुला जाऊन, तरी ताईला अजून अक्कल नाही.

आज तुझ्या शोकप्रस्तावासाठी सभागृहात बोलावलं होतं. तू आमदार होतास तेव्हा याच गॅलरीत बसून मी पाहिलं होतं. युद्धाला पाठिंबा देणाऱ्या ठरावाला विरोध असणाऱ्यांनी उभं राहावं, असं अध्यक्ष म्हणाले आणि तू एकटा उभा राहिलास. बाकीचे बसल्या जागेवरून ‘देशद्रोही’ म्हणून ओरडत होते. पुढच्या निवडणुकीत आपटलास आणि पुन्हा घड्याळं दुरुस्त करायला बसलास. गिऱ्हाईकं दुकानासमोरून मान वळवून जायची. त्याच युद्धातून माझा मुलगा पेटीतून घरी आला, तेव्हा खांदा द्यायला तूच पुढे होतास. ‘मी सांगत होतो’ असं चुकूनही म्हणाला नाहीस.

आज त्यांच्यातलेच काहीजण तुला द्रष्टा म्हणाले. मग सगळं सभागृह श्रद्धांजलीसाठी उभं राहिलं. शिपाई वाकून म्हणाला, “आजी, गुडघे दुखतात का? हात देऊ?”

मी म्हटलं, “गुडघे ठणठणीत आहेत. माझा भाऊ उभा होता तेव्हा हे सगळे बसले होते. आज मी बसणार.”

तुझी,
ताई