चिमट्याच्या सांध्यातला ठिपका

प्रिय खारुताई,

तुझ्या आईचा फोन आला आणि माझा चहा कपातच गार झाला. म्हणे तू चाळीस मिनिटं ऑपरेशन अडवलंस, मोठे सर्जन सगळ्यांसमोर तुझ्यावर बरसले, आणि सोमवारी माफीनाम्यावर सही केली नाहीस तर नोकरी जाणार. वर मलाच सांगते, "तू समजाव तिला, तुझं ऐकते ती." मी तिला फोनवरच झाडलं. माफी कशाची? ज्या शहाण्याने उपकरणं सलाइनमध्ये भिजत टाकली, त्याने मागावी. मिठाचं पाणी माणसाच्या शिरेत जाऊ दे, स्टीलला ते विष आहे, हे मी पहिल्या दिवशी शिकवत असे.

चौतीस वर्षं मी त्याच इस्पितळात, उपकरणं धुवायच्या त्या खोलीत स्टील धुतलं, तरी माझं नवल काही संपलं नाही. लोकांना वाटतं, स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारं. तसं नसतं गं. त्याच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी एक पातळ त्वचा असते. ओरखडा पडला तर नुसत्या हवेने ती पुन्हा धरते. स्वतःची जखम स्वतः भरून काढणारी वस्तू, आणि ती जखमी माणसांच्या कामी यावी! शाळेत नन्सनी देवाबद्दल पुष्कळ सांगितलं, पण माझे हात मनापासून जोडले गेले ते त्या सिंकपाशी. मात्र रक्त वाळू दिलं, तारेच्या घासणीने खरवडलं, मीठ लागलं, की ती त्वचा हरते. आणि हरते ती बहुधा सांध्यात, जिथे कोणी बघत नाही. म्हणून तर धुताना कात्री उघडी, जंतू मारायच्या वाफेत चिमटा उघडा, असं तुझ्याकडून घोकून घेतलं होतं.

त्या दिवशीचं सगळं मी तुझ्या आईकडून तीनदा वदवून घेतलं. पेशंट बाहेर स्ट्रेचरवर, ट्रे वाफेला जायच्या बेतात, आणि तुला रक्तवाहिनी धरायच्या चिमट्याच्या सांध्यात तपकिरी ठिपका दिसला. तू खोडरबराने घासलास. खाली गुळगुळीत लागलं असतं तर नुसता डाग. तुझ्या नखाला खळगा लागला. म्हणजे गंज. सलाइनच्या त्या टबातून आलेलं झाडून सगळं तू बाजूला काढलंस आणि दुसरा संच तयार होईपर्यंत दारात उभी राहिलीस. सर्जन ओरडत होते तेव्हा तुझा आवाज जरासुद्धा हलला नाही म्हणे. झुरळ दिसलं की पलंगावर चढणारी तू! कुठून आणलंस गं हे?

अधीक्षक तुला म्हणाले, "तुझ्या मावशीने चौतीस वर्षांत एकही ऑपरेशन अडवलं नाही." खरं आहे. माझ्या निवृत्तीच्या मानपत्रातही तसं छापलंय.

एक अडवायला हवं होतं. नोकरीचं सहावं वर्ष. असाच सांधा, असाच ठिपका. मीही खोडरबर काढलं. तेव्हाचे सर्जन म्हणाले, "काय सिस्टर, चित्रकलेचा वर्ग भरवलाय का?" सगळे हसले. मीसुद्धा हसले, खोडरबर खिशात टाकलं आणि ट्रे वाफेला लावला. पेशंट सुतार होता. आठवड्यात घरी जायचा माणूस, जखम चिघळून दोन महिने पडून राहिला. त्या चिमट्यानेच झालं का, देव जाणे. कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माझ्या ज्या कडक शिस्तीचं तुम्हाला एवढं कौतुक, ती त्यानंतरची.

आता हे सगळं का लिहितेय, ते सांगते. सोमवारी दहा वाजता मीही तिथे येतेय. अधीक्षकांची वेळ घेतली आहे. मी एकही ऑपरेशन का अडवलं नाही, हे त्यांना आणि तुझ्या सर्जनना तोंडावर सांगणार आहे. पण तू जिथे तिथे मावशीचं नाव सांगत फिरतेस. ही गोष्ट चार लोकांत पहिल्यांदा तुझ्या कानावर पडू नये, एवढंच मला वाटलं. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसावंसं वाटलं नाही, तर नको बसूस. सही मात्र करू नकोस.

तुझ्यापुढे लहान झालेली, तरी तुझीच,
मावशी