भवानीआधीचा भाव

उधवा, १५ नोव्हेंबर २०१८

ती. चंद्रावती आत्यास रुपलचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून हसशील. पण माझ्या फोनमधलं नेट आता सगळं मुंबईच्या कंपनीच्या कामाला जातं, आणि तुझा फोन बोंबील धुवायच्या टबात बुडालेला. म्हणून बाजाराला आलेल्या जयश्रीवहिनींच्या टोपलीतून हे पाठवते.

इंटर्नशिपच्या सहा आठवड्यांतले तीन संपले. घरबसल्या काम म्हणतात. प्रत्यक्षात मी आश्रमशाळेच्या टाकीच्या जिन्यावर बसते. बाबांच्या क्वार्टरमध्ये फोन गुजरातचा टॉवर पकडतो, गुजरातीत स्वागत करतो आणि गप्प बसतो.

काम असं: डहाणूच्या सुक्या मासळीच्या एका व्यापाऱ्याला वाळवणीची यंत्रं घ्यायला कर्ज हवंय. ते द्यावं का, याचा अहवाल आमची कंपनी करतेय. त्याने दाखवलेला विक्रीचा भाव बाजाराशी जुळतो का, हे मी तपासायचं. मी तिकडचीच, म्हणून योगिता मॅडमनी हे मला दिलं. जमलं तर वर्षभराची नोकरी, घरूनच, आणि बी.कॉम.चं शेवटचं वर्षही पुरं होईल. नाही जमलं तर बाबांनी उंबरगावच्या एका कंपनीत पॅकिंगला माझं नाव सांगून ठेवलंय. मग कॉलेज बंद.

तर सुक्या बोंबलाचा किलोचा भाव, तुझा आणि शेजारणींचा, लगेच कळव. वाट बघते.

तुझी,
रुपल

डहाणू, २१ नोव्हेंबर २०१८

चि. रुपल हिस आत्याचे अ. आ.

तुझं पत्र जयश्रीने सकाळी टोपल्या उतरवता उतरवता सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. बोंबलाचा भाव माहीत नसलेली कंपनी बोंबलाच्या यंत्रांना कर्ज द्यायचं की नाही ते ठरवणार, यावर बायका पोट धरून हसल्या. शेजारच्या टोपलीवरची धाकली म्हणाली, टाकीवर नुसतं बसून पगार मिळत असेल तर घरी बसलेल्या तिच्या नवऱ्याचा वीस वर्षांचा थकलाय.

असो. आम्ही पाचही जणींनी एकच भाव सांगितला: सहाशे रुपये किलो. लिहून घे.

दादाला म्हणावं, शाळेत कारकुनी करतोस, मग स्वतःच्याच मुलीचं नाव पटावरून काढायची एवढी घाई कसली? वेळेवर जेव. आमच्यावर माया असेल तर टाकीवरून उतरून कधी इकडेही ये.

तुझी आत्या

उधवा, २२ नोव्हेंबर २०१८

ती. आत्यास शि. सा. न.

व्यापाऱ्याच्या कागदावर पाचशे ऐंशी आहेत! म्हणजे बिचाऱ्याने कमीच लावलेत. भाव रास्त, असं लिहून अहवाल दुपारीच पाठवला. मॅडमनी चार आठवड्यांत पहिल्यांदा छान म्हटलं. आता शुक्रवारी, ७ डिसेंबरला, त्या आणि मोठे साहेब व्हिडिओ कॉलवर निकाल सांगतील. जयश्रीवहिनी निघाल्यात, म्हणून इथेच आटपते.

तुझी,
रुपल

डहाणू, २३ नोव्हेंबर २०१८

चि. रुपल,

आशीर्वाद मागाहून. आधी नीट वाच.

तो भाव खरा नाही गं. तू भवानी व्हायच्या आधी विचारलास. पहिलं गिऱ्हाईक हातावर पैसे ठेवत नाही तोवर खरा भाव तोंडातून काढला की दिवसाचा धंदा बसतो, असं तुझ्या पणजीपासून मानत आलोय. त्या वेळी देव आला तरी त्याला सहाशेच. मग घासाघीस होते आणि माल जातो साडेतीनशेला, फार तर पावणेचारशेला. तुला हे ठाऊक असेल असं मी धरून चालले. दोन वर्षांची होतीस तेव्हाच दादाने तुला उधव्याला नेलं, हे डोक्यातच आलं नाही.

चूक माझी धर. पण अहवालावर नाव तुझं आहे. धाकलीच्या फोनवरून लावून पाहिलं, तुझा लागत नाही; म्हणून बाजाराच्या दिवसाची वाट न बघता बाबल्याच्या टेम्पोतून आजच धाडते.

तुझी आत्या

उधवा, २ डिसेंबर २०१८

ती. आत्यास सा. न.

बाबल्याने तुझं पत्र आज दिलं. नऊ दिवस ते त्याच्या सीटखाली टायरच्या पावत्यांत पडलं होतं. त्याला वाटलं, लग्नपत्रिका.

अहवाल मोठ्या साहेबांकडे पोचलाय. बाबा म्हणतात, कोणी विचारलेलं नाही, न विचारता कोण सांगतं? नोकरी लागू दे, मग बघू. आई म्हणते, मग सांगायला तोंड कुठलं उरेल? दोघंही भांडून न जेवता उठली. उंबरगावचा माणूस दहा तारखेपर्यंतच थांबणार आहे.

मॅडमना मेल दोनदा लिहून दोनदा पुसली. सांगितलं तर नोकरी जाईल. नाही सांगितलं तर शुक्रवारी त्यांच्याकडे कोणत्या डोळ्यांनी बघू? आता टाकीवर जाते. हे पत्र तुला मिळेल तेव्हा मेल गेलेली असेल. बाबल्याला शपथ घातलीय.

रुपल

डहाणू, ५ डिसेंबर २०१८

चि. रुपल हिस अ. आ.

मॅडमचं उत्तर आलं का? इथे माझं डोकं ठिकाणावर नाही. आज दोन गिऱ्हाइकांना भवानीआधीच खरा भाव सांगून बसले. दोघांनी त्यातूनही कमी मागितला. जयश्री तुझं नाव घेऊन शिव्या देतेय, पण प्रेमाने. काही झालं तरी कळव. वाईटही.

आत्या

उधवा, ८ डिसेंबर २०१८

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पाच दिवस मॅडमचं एक अक्षर आलं नाही. काल कॉल लागला. साहेबांनी पहिलंच विचारलं, कुणाच्या लक्षात न आलेली चूक आपणहून का कळवली? मी म्हटलं, आत्याचं पत्र मिळालं तेव्हाच मला कळली. पत्र म्हटल्यावर तिथला एक जण हसला. मॅडम हसल्या नाहीत.

माझी मेल वाचून त्यांनी व्यापाऱ्याकडे विकलेल्या मालाची बिलं मागितली होती. तो आधी चिडला, मग बिलं आली. तीनशे साठ! त्याच्या सगळ्या फाइलीत भवानीआधीचेच भाव. कर्ज थांबलं. ही मेल आली नसती तर बिलं कुणी मागितलीच नसती, असं त्या साहेबांसमोर म्हणाल्या.

मग माझ्याकडे वळल्या. तपासणीच्या रकान्यात मला दहापैकी शून्य. एका सकाळच्या पाच बायका म्हणजे बाजार नव्हे, म्हणाल्या. नोकरी मात्र दिली, वर्षभराची. अट एकच: पहिले तीन आठवडे डहाणूच्या बाजारात बसून माल प्रत्यक्षात कितीला गेला ते रोज टिपायचं. सोमवारपासून.

आत्या, बायका बसू देतील का गं? नाही म्हणाल्या तर नोकरी सुरू व्हायच्या आधीच संपली.

तुझी,
रुपल

डहाणू, ९ डिसेंबर २०१८

चि. रुपल हिस आत्याचे अनेक आशीर्वाद, मागचे राहिलेलेही यात धर.

बायका नाहीच म्हणाल्या. भाव लिहिणाऱ्यामागून कराचा साहेब येतो, असं जयश्रीचं म्हणणं. धाकली म्हणाली, पोरगी काय आपली बिलं मागणार? तासभर भांडले. शेवटी त्यांनीही अट घातली: वही दिसता कामा नये. टोपलीमागे बसायचं, माश्या वारायच्या, गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची, आणि काय लिहायचं ते घरी येऊन. मी हो म्हणून टाकलंय.

तुझ्या मॅडमनी शून्य दिलं ते योग्यच. मीही तेवढंच दिलं असतं.

जुने कपडे आण; वास जात नाही. पहिल्या दिवशी तुला कोणीही फसवेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नको. आणि उंबरगावच्या माणसाला दादाने अजून नाही म्हणून कळवलेलं नाही, असं बाबल्याकडून कळलं. त्याला सांग, आजच कळव. जमत नसेल तर नंबर दे. मी धाकलीच्या फोनवरून बोलते.

अंथरूण घालून ठेवते. येतेस ना?

तुझी आत्या,
चंद्रावती