मानेवरची कोरी जागा

४ ऑक्टोबर, शनिवार

सुमित्राला आता जपान सुचलंय! मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात ‘देशोदेशीच्या नायिका’ — सात बायका, सात देश. गेल्या वर्षी ‘भारताच्या नद्या’ होत्या, त्यातली गोदावरी पायरीवरून घसरून पहिल्या रांगेत जाऊन बसली. त्यावरून काही शिकतील तर शपथ! यंदा इजिप्तच्या राणीच्या डोक्यावर सोनेरी पुठ्ठा, आणि वल्लरी गीशा. इथे परदेशात, पार्सिपनीतल्या बायकांना शनिवार-रविवारी दुसरे उद्योग नाहीत.

मेकअप माझ्याकडे. ‘राधिका, तुझ्यासारखी स्किन मेंटेन केलेली आपल्यात दुसरी कोणी नाही गं!’ — इति सुमित्रा. हसू दाबलं.

५ ऑक्टोबर

मेंटेन म्हणे! एकोणिसाव्या वर्षी मानेवर मागे, केसांच्या खाली, कोडाचा डाग उठला. तेव्हा नखाएवढा होता, आता अर्ध्या तळव्याएवढा. तेव्हापासून रोज सकाळी बाथरूमचं दार लावून, दोन आरसे समोरासमोर धरून त्यावर गव्हाळ क्रीम थापते. वर मोकळे केस. उन्हाळ्यातसुद्धा कॉलर.

‘कुणाला दिसता कामा नये,’ आई म्हणायची. मावशीचं ठरलेलं लग्न अशाच डागापायी मोडलं होतं. उल्हासला मी लग्नाआधीच सांगितलं. तो ‘बरं’ म्हणाला आणि विसरला. नवऱ्यांचा तेवढा एक फायदा. लेकीला, केयाला, मात्र माहीत नाही. सतरा वर्षांची झाली, एका घरात राहते, तरी नाही. आणि मंडळात कळलं तर सुमित्रा चेहरा पाडून चिवडा घेऊन येईल. त्यापेक्षा मरण बरं.

क्रीमची बाटली हल्ली भराभर संपते. कंपन्या चोर झाल्यात! बाटली तेवढीच, आतला माल कमी.

११ ऑक्टोबर

तालीम. काय तो वल्लरीचा किमोनो! साटीनचा गाऊन, पाठीवर ड्रॅगन. अंबाड्यात नूडल्स खायच्या दोन काड्या. आणि पोटावर हा एवढा बो, वाढदिवसाच्या खोक्याला बांधतात तसा.

केया शाळेत जपानी शिकते, म्हणून सुमित्रानेच तिला बोलावलं होतं. केया बघत राहिली. मग म्हणाली, ‘काकू, नॉट इन द फ्रंट. गीशाची गाठ मागे असते. पुढे गाठ म्हणजे, लाइक, जुन्या काळातल्या कोर्टिझान.’

‘म्हणजे गीशा त्या, कोठीवरच्या, नसतात?’ एकीने विचारलं.

‘नो! गीशा आर्टिस्ट असतात. म्युझिक, डान्स.’

आठवडाभर काय समजून नाचत होत्या देव जाणे! सुमित्रा म्हणते काय — ‘अगं पण फोटोत बो पुढेच छान दिसतो.’

शिवाय किमोनोची उजवी बाजू डावीवर घेतली होती. तशी तिकडे फक्त मेलेल्या माणसाला घालतात, हेही केयानेच सांगितलं. खरं तर किती सोपं आहे — आपल्या पदराची रेघ जाते तशी, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे. दर सणाला नऊवारी नेसून मिरवणाऱ्या बायका, एकीच्याही लक्षात येऊ नये!

१८ ऑक्टोबर

वल्लरीला व्हिसा स्टॅम्पिंगची तारीख मिळाली. भारतात, माहेरी नागपूरला निघाली. सुटली बाई.

१९ ऑक्टोबर

मी अडकले! सुमित्राचा फोन — आता गीशा मीच. नाही म्हटलं, पुन्हा नाही म्हटलं. ‘अगं, मी वाचलंय, त्यांच्यात मानेलाच सगळं महत्त्व. तुझी मान किती सुंदर दिसेल!’ आयुष्यात एकदा काहीतरी वाचलं, ते नेमकं हे.

तिसऱ्यांदा नाही म्हणणार, तेवढ्यात केया शेजारच्या खोलीतून ओरडली, ‘आई, प्लीज! आय’ल डू युअर मेकअप!’ वर्षभरात या मुलीने माझ्याकडे काही मागितलेलं नाही. काही विचारलं की ‘फाइन’ म्हणते आणि खोलीत जाते. पोहणं सोडलं, विचारलं तर फाइन. जुलैत घरात मोजे घालून फिरत होती, विचारलं तर फाइन. ती आज प्लीज म्हणाली.

हो म्हणून बसले. मूर्ख मी.

२६ ऑक्टोबर

केयाने व्हिडिओ दाखवले. आधी मेणासारखं तेल तळव्यावर चोळून कातडीला लावतात. मग रुंद ब्रशने पांढरा रंग — चेहरा, गळा, पाठ. कॉलर मागून खाली ओढलेली. आणि मानेवर दोन जिभांसारख्या जागा कोऱ्या सोडतात. तिथे खरी कातडी दिसते. म्हणे सगळं सौंदर्य तेवढ्यातच.

माझी खरी कातडी तिथेच पांढरी! म्हणजे कोरी ठेवायची जागासुद्धा मला रंगवावी लागणार. इकडे या बायका गोरं दिसायला जीव टाकतात, गोरेपणाच्या ट्यूबा भारतातून मागवतात. आणि मी जन्मभर गोरं झाकत बसले. देवही सुमित्राच्याच कमिटीवर बसलेला दिसतोय.

ठरलं. घरूनच मान गव्हाळ करून जायचं. केयाला कळणार नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

झालं.

हायस्कूलच्या एका रिकाम्या वर्गात केयाने मला खुर्चीवर बसवलं. केस वर बांधले. मी म्हटलं, ‘मान स्वच्छ आहे, सरळ रंग लाव.’ ‘आई, वॅक्सच्या आधी क्लीन करावंच लागतं.’ आणि ओला स्पंज फिरवला. मी हात धरेपर्यंत फिरवलासुद्धा! स्पंज बदामी झालेला मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिला.

बाहेर सुमित्रा ‘गीशा कुठाय, गीशा कुठाय’ करत होती. लाजेने माझे कान तापले. हिच्यापासून सतरा वर्षं सांभाळलेलं, एका स्पंजने गेलं.

केयाने उठून दाराला कडी लावली. तेल चोळलं, पांढरा रंग भरला. मग स्वतःच्या बॅगेतून एक बाटली काढली — माझीच, तीच शेड! — आणि त्या दोन जिभा गव्हाळ रंगाने भरल्या. कडा कुठेच दिसू नये म्हणून बोटाने थोपटून घेतल्या. मला इतक्या वर्षांत जमलं नाही इतकं सफाईने. मला वाटलं, माझ्या कपाटातून उचलून आणली असेल. पण हा हात कुठे बसला हिचा?

प्रेक्षकांकडे पाठ करून मी मान झुकवली तेव्हा टाळ्या पडल्या. सुमित्रा नंतर म्हणाली, ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ बाईला एकदाही गप्प बसता येत नाही.

९ नोव्हेंबर

सकाळी केया माझ्या पलंगावर येऊन बसली आणि तिने मोजा काढला. घोट्यावर पांढरा डाग, रुपयाएवढा. ‘सिन्स मार्च. तू कॉलर वर करतेस ना, तेव्हा कळायचं मला, तूही झाकतेस. दाखवायचं नसतं, असं वाटलं.’

मी केस वर बांधले आणि बाटली केराच्या डब्यात टाकली. केयाने ती उचलली, पुसली, खिशात ठेवली.

‘नॉट येट, आई.’