गोलकीपरवर माझी बारीक नजर

३ मार्च, रविवार
पाणीपुरवठा शून्य, छापखाना दोन.
आपला पाणीपुरवठा खात्याचा फुटबॉल संघ तिसऱ्या डिव्हिजनमधून चौथ्यात घसरणार अशी चिन्हं आहेत. चौथ्याच्या खाली डिव्हिजन नाही. खाली फक्त शाळेची मुलं.
दुसरा गोल खाल्ल्यावर आपला गोलकीपर त्यांच्या स्ट्रायकरकडे बघून हसला. गॅलरीत चाळीसेक डोकी होती, पण पाहिलं मी एकट्याने. मेहुणा शेजारीच होता. म्हणाला, भाऊजी, तो हसला नाही, त्याच्या तोंडात चिखल गेला होता. मेहुण्याला फुटबॉल कळत नाही. तो मूळचा बॅडमिंटनवाला.
कुठेतरी पाणी मुरतंय.
निश्चय : उद्यापासून गोलकीपरवर डोळ्यांत तेल घालून नजर.

४ मार्च, रात्री
'पाणीपुरवठा पाठीराखे' या ग्रुपवर माझा संशय सविस्तर मांडला. ग्रुपचे प्रमुख मास्तर (निवृत्त ड्रॉइंग टीचर, गॅलरीत छत्री घेऊन बसतात) म्हणाले, पुरावा द्या, नाहीतर गप्प बसा. पुरावा मागणारा माणूस नेहमी कोणाला तरी वाचवत असतो. हेही लिहिलं.
ग्रुप सोडला. म्हणजे त्यांनी काढल्यानंतर मी मनानेही सोडला.
स्वतःचा ग्रुप काढला : 'अस्सल पाणीपुरवठा पाठीराखे'. सदस्य मी, मेहुणा, बेकरीवाला आणि एक नंबर, जो काहीच बोलत नाही. नुसता वाचतो.
हा कोणाचा माणूस?

६ मार्च
न बोलणारा नंबर माझाच जुना निघाला. काढून टाकला. गाफील राहून चालत नाही.
ऑफिसमध्ये दोन लिफ्ट तपासल्या. (मी लिफ्ट इन्स्पेक्टर. संशय घेण्याचा मला पगार मिळतो, हे बायकोला कळत नाही.) घरी आलो तर आपल्याच बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये कुरकुर ऐकू आली. लगेच पाटी लावली : तपासणीपर्यंत बंद. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणाल्या, हा आवाज आम्ही राहायला आलो तेव्हापासून आहे. म्हणजे तेव्हापासून कोणाचं लक्ष नव्हतं.

७ मार्च
मोठी माहिती हाती. बेकरीवाल्याकडून.
गोलकीपर दिवसा वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. चौकातल्या दुकानात नोकरीला आहे. आपल्या डिव्हिजनमध्ये सगळ्यांचंच असं. सेंटर फॉरवर्ड बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असतो, कोच शाळेची बस चालवतो. पण वॉशिंग मशीनच का? त्या निमित्ताने कोणाच्याही घरात शिरता येतं. कोणालाही भेटता येतं. आपली शेवटची मॅच ज्यांच्याशी आहे, त्या डाकघर संघाच्या सेक्रेटरीकडेही मशीन असणारच.
बेत : त्याला घरी बोलवायचं आणि बोलता बोलता बोलतं करायचं.
अडचण : आपलं मशीन उत्तम चालतंय.

९ मार्च
अडचण दूर केली. मागचं झाकण उघडून दोन स्क्रू ढिले केले, पाण्याची नळी किंचित सरकवली. हलकासा बिघाड. लिफ्टची यंत्रणा कोळून प्यायलेल्या माणसाला मशीन म्हणजे काय!

१० मार्च, रविवार
मशीनने बाथरूमभर फेरी मारली आणि दारात अडकलं. नर्सबाईंच्या छतातून पाणी गळतंय. बायको म्हणाली, कालपर्यंत तर नीट होतं. माझ्याकडे बघत म्हणाली. आजकाल तिचा स्वभाव फार संशयी झाला आहे.
मॅच : पाणीपुरवठा एक, गोदी एक. गोलकीपरने पेनल्टी अडवली. संशय फिटावा म्हणून असणार.

१२ मार्च, मंगळवार
तो आला. सगळं जसंच्या तसं लिहून ठेवतो.
उंच. हात सुपाएवढे. मला वाटलं होतं, चोरटा, कमी बोलणारा असेल. हा दारातच सुरू झाला. परवाची पेनल्टी पाहिलीत का? ती अडवणारा मीच. बायकोने पाहिली नव्हती, तर त्याने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून करून दाखवली. डबा पडला. बायको हसली. माझ्या घरात डबा पडल्यावर ती आजवर हसलेली नाही.
मी आडून आडून विचारत गेलो. म्हटलं, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये किती दिवस राहणार? वरून बोलावणं येतं म्हणे. तो म्हणाला, मला कोण नेतंय, पस्तिशी उलटली. म्हटलं, डाकघरवाले चांगले आहेत नाही? तो म्हणाला, त्यांचा लेफ्ट विंग झकास, पण कॉर्नरला झोपतात. झोपतात हे याला कसं ठाऊक?
मग मशीनमध्ये डोकं घालून म्हणाला, आत येणारं पाणी ठीक आहे हो, बाहेर जायची वाट कोणीतरी मुद्दाम अडवली आहे. हे आमच्या मिडफिल्डबद्दल होतं, मी तेव्हाच ओळखलं.
ड्रमचं बेअरिंग गेलंय, दुकानात न्यावं लागेल म्हणाला. लिफ्ट बंद. जिन्याने तीन मजले. वरची बाजू मी धरली, खालची त्याने. दुसऱ्या वळणावर खिडकीतून खाली पाहिलं तर फाटकात डाकघरची लाल गाडी उभी. आणि ड्रायव्हर वर बघतोय! अशी संधी पुन्हा येत नाही. पटकन मोबाइल काढला.
मशीन थोडं घसरलं. त्याने एकट्याने खांद्यावर पेललं. ओरडला. विचारलं, लागलं का? म्हणाला, काही नाही, काही नाही.
दोनदा म्हणाला. खरं असतं तर एकदाच म्हणाला असता.
(गाडीतून बायकोने मागवलेल्या चादरी आल्या. फोटो तरी जपून ठेवला आहे.)

१७ मार्च, रविवार
पाणीपुरवठा एक, वीजघर चार.
चारही गोल उजव्या बाजूने. त्याने उजवा हात खांद्याच्या वर नेलाच नाही. एकदाही नाही! चेंडू येतोय, हा डाव्या हाताने धडपडतोय, आणि उजवा हात कमरेशी नोकरासारखा उभा.
एवढे दिवस ज्याच्या मागावर होतो तो पुरावा आज भर मैदानात सापडला. घरी न जाता बसस्टॉपवरच लिहिलं : उजवा हात विकलेला आहे. आमचा गोलकीपर विकाऊ आहे.

१८ मार्च
मोबाइल तापला. माझा मजकूर मोठ्या ग्रुपवर कोणीतरी टाकला. लोक दोन गटांत. एक म्हणतो, पस्तिशीत खांदा जातोच. दुसरा म्हणतो, खांदा नाही, इमान गेलं. तिसरा मध्येच म्हणतो, मुळात तीन डिफेंडर खेळवणंच चूक. याला कोणी उत्तर देत नाही, तरी तो रोज लिहितो.
मास्तरांनी मला परत घेतलं. बेकरीवाल्याने सगळ्यांसमोर, तुमची नजर म्हणजे नजर, असं लिहिलं. मेहुण्याने काहीच लिहिलं नाही. अस्सल ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडला. घरातच शत्रू.

२० मार्च
दुकानाच्या शटरवर कोणीतरी काळ्या रंगाने 'विकाऊ' लिहिलं आहे. अक्षर माझं नाही. मी फक्त शब्द पुरवला होता.
मशीन अजून दुकानातच. बायको म्हणाली, तुमचे कपडे तुम्ही धुवा. चार शर्ट धुतले. खांदा भरून आला आहे. कोणी विचारत नाही.

२३ मार्च, शनिवार
मैदानाच्या कँटीनमध्ये पाठीराख्यांची सभा. भाषण पाठ करून गेलो होतो. सुरुवात : मित्रहो, संशय हे प्रेमाचंच रूप आहे.
भाषण झालं नाही. गोलकीपर स्वतः आला. उजवा हात गळ्यात. कोच म्हणाला, डॉक्टरने हंगाम संपेपर्यंत खेळू नको म्हटलंय. वीजघरच्या वेळीच खांदा गेलेला होता, दुसरा कोणी तयार नव्हता म्हणून हा तसाच उभा राहिला.
गोलकीपर आज पेनल्टीबिनल्टी काही बोलला नाही. म्हणाला, कामावर लागलं. एका घरातून मशीन उतरवत होतो. गिऱ्हाइकाने मध्येच हात सोडला. फोटो काढायला.
कँटीनभर, कोण तो गाढव, असं झालं. मी पहिल्या रांगेत होतो. त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, चेहरा आठवत नाही, मी मशीनच बघत असतो.
दीड तास माझ्या घरी होता! दोनदा चहा प्यायला! सोळा वर्षं मी गॅलरीत! आणि चेहरा आठवत नाही!
मग तो म्हणाला, माझी मुलगी नुकतीच वाचायला शिकली आहे. दिसेल ते मोठ्याने वाचते. परवा शटर वाचलं.
सगळेच मूग गिळून बसलेले. अशा वेळी आपणही गप्प बसलो तर लोकांना भलतीच शंका येते, म्हणून मी उठलो आणि म्हणालो, त्या गिऱ्हाइकाचा छडा लागलाच पाहिजे! टाळ्या पडल्या. मास्तर म्हणाले, मग हे काम तुम्हीच घ्या.
चौकशी समिती : अध्यक्ष मी, सभासद मास्तर आणि बेकरीवाला.

२६ मार्च
चौकशी निःपक्षपाती व्हायला हवी. सुरुवात नर्सबाईंपासून केली. विचारलं, हल्ली जिन्यातून कोणाचं मशीन उतरताना पाहिलंत का? म्हणाल्या, अहो, तुमचंच तर—
साक्षीदार विश्वासार्ह नाही. शिवाय छताचा राग मनात आहे.

२८ मार्च
बायकोने विचारलं, कसली समिती? सांगितलं. मग म्हणाली, त्या माणसाला भेटून या. म्हटलं, अध्यक्षाने चौकशी चालू असताना कोणाला भेटू नये. ती म्हणाली, मी समितीबद्दल बोलत नाहीये.
विषय वाढवला नाही.

३१ मार्च, रविवार
समितीची बैठक आमच्या घरी. बेत साधा : सगळा दोष दुकानदारावर ढकलायचा, एकाच माणसाला का पाठवलं म्हणून. मास्तर तीन मजले चढून आले, धापा टाकत. म्हणाले, लिफ्ट इन्स्पेक्टरच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद? म्हटलं, म्हणूनच बंद.
चहा आला. मी दुकानदाराच्या हलगर्जीपणावर बोलायला सुरुवात केली. तेवढ्यात जिन्यात धडधड. दोन माणसं मशीन घेऊन दारात. दुकानदाराने दुसऱ्या कारागिराकडून करून घेतलं होतं. आजच! कळवलंही नाही!
मी सवयीने हात पुढे केला. पुढचा माणूस ओरडला, साहेब, तुम्ही हात लावू नका हां! आमचा एक माणूस या जिन्यात गेलाय.
मास्तरांचा कप वाटेतच थांबला.
म्हटलं, हा निव्वळ योगायोग. बायको आतून आली. मला वाटलं, बाजू घेईल. ती मास्तरांना म्हणाली, मागचं झाकणही यांनीच उघडलं होतं. स्क्रू-ड्रायव्हर यांच्या उशीखाली सापडला.
मास्तरांनी मला हळूच विचारलं, का हो? एवढंच. चिडून विचारलं असतं तर उत्तर होतं माझ्याकडे. म्हटलं, चौकशी अजून चालू आहे. त्यांनी कप खाली ठेवला. बेकरीवाल्याने आणलेला बिस्किटांचा पुडा परत नेला.
संध्याकाळी मोठ्या ग्रुपमधून काढलं. अस्सल ग्रुपमधून बेकरीवाला गेला. आता तिथे मी एकटाच. आज तिथे काही लिहिलं नाही.

२ एप्रिल
लिफ्ट तपासली. काही दोष नाही. पाटी काढली.
ऑफिसमधून येताना चौकातून आलो. दुकानाबाहेर मेहुणा थिनरचा डबा घेऊन शटरवरचा शब्द पुसत होता. त्याने हाक मारली, भाऊजी, जरा तो ब्रश द्या. दिला. मग मोबाइल वाजल्यासारखं करून पुढे गेलो. कोणाचा फोन होता, असं त्याने रात्री विचारलं नाही.

७ एप्रिल, रविवार
शेवटची मॅच. डाकघरशी. बरोबरी झाली तरी तिसऱ्या डिव्हिजनमध्ये राहतो.
मास्तरांच्या छत्रीपासून लांब, गॅलरीच्या अगदी वरच्या टोकाला बसलो. गोलमध्ये राखीव गोलकीपर. दिवसा सलून चालवतो. हाफटाइमच्या आत दोन गोल खाल्ले.
दुसऱ्या हाफला कोणीतरी वर चढून आलं. तोच. हात गळ्यात. खाली ऊन होतं, वर सावली. एक खुर्ची सोडून बसला. मी मोबाइल काढून त्यात डोकं घातलं. पण तो मैदानाकडेच बघत होता. पुटपुटत होता, पुढे ये रे, पुढे ये, रेषेला काय चिकटलास!
माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, पुढे आला तर डोक्यावरून मारतील. तो म्हणाला, मारू देत, निदान कोन तरी बंद होईल. मी म्हटलं, कोन बंद करायला पाय लागतात, याचे पाय शेणात रोवलेत. तो मोठ्याने हसला. मग आम्ही थांबलोच नाही. कॉर्नरला कोणी कोणाला धरायचं. तीन डिफेंडर की चार. रेफ्रीची शिट्टी. एवढा नीट वाद माझ्याशी कोणी आजवर घातला नव्हता. सगळे फक्त चिडतात.
डाकघरवाले एका कॉर्नरला खरंच झोपले आणि आपल्या सेंटर फॉरवर्डने डोक्याने गोल घातला. दोन-एक. त्याने डाव्या हाताने माझा खांदा एवढा दाबला की अजून दुखतोय.
दुसरा गोल झाला नाही. शिट्टी वाजली. घसरलो.
खाली आपली मुलं गवतावर बसून होती. तो बराच वेळ उभा होता. डाव्या बाहीने तोंड पुसलं. मग वळून अगदी सहज विचारलं, तुम्ही आमच्या बाजूचे की त्यांच्या?
त्याने ओळखून विचारलं की न ओळखता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. डोळ्यांत पाहिलं, तिथेही काही सापडलं नाही. सोळा वर्षं म्हणणार होतो. अस्सल म्हणणार होतो. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, कोणाचा नाही, असाच आलो होतो.
तो म्हणाला, बरं केलंत. माणसं फार कमी येतात हो.