महालक्ष्म्यांच्या मखरातलं आभाळ

आर्वी, मंगळवार

प्रिय कैलासभाऊ,

पत्र पाहून दचकू नकोस. मोबाइल हाताशी असताना ही बाई पोस्टात कशाला तडफडत गेली, असं तुझ्या मनात येईलच. फोनवर तू मधेच बोलतोस आणि मग माझी बोबडी वळते, म्हणून कागद घेतला. हे पत्र रामाजीबद्दल आहे. नाव वाचूनच फाडशील तर तुला आईची शपथ. अठ्ठेचाळीस वर्षांत तू त्याचं नाव घेतलं नाहीस, कोणी घेतलं तर ताटावरून उठलास. पण त्याच्यावर जो डाग आहे तो मला धुवायचा आहे, आणि तो तुझ्यासमोर धुतल्याशिवाय निघणार नाही.

आधी जरा दुसरं सांगते, म्हणजे मला धीर येईल. मागच्या महिन्यात माझ्या नातीनं, वर्षालीनं, मोबाइलवर तो सिनेमा शोधून काढला. तोच रे, अवकाशातला. बाबांच्या लग्नाच्या वेळचा असेल, पण आपल्या आर्वीच्या टॉकीजमध्ये यायला त्याला वीस-बावीस वर्षं लागली. मी तिला नुसतं सांगितलं की त्यातली माणसं डोक्यावर लोणच्याच्या बरणीसारखं काचेचं घालतात आणि राक्षसाला बांधलेली दोरी दिसते. पोरीनं अर्ध्या तासात सापडवला. दोरी अजून दिसते भाऊ! वर्षाली पोट धरून हसली. मी मात्र पदराला डोळे पुसत बसले, तर ती घाबरली बिचारी.

तुला आठवतं, रविवारच्या सकाळच्या खेळाला तू आणि रामाजी मला घेऊन गेला होता. इंग्रजीतलं कोणालाच काही कळत नव्हतं, तरी रॉकेट उडालं तेव्हा अख्ख्या टॉकीजनं शिट्ट्या मारल्या. आणि मग रामाजीच्या मामानं नागपूरच्या रद्दीतून त्याच सिनेमाचं चित्रांचं पुस्तक आणून दिलं. वरचं पान फाटलेलं होतं, पण रंग काय होते! तिथूनच तुमच्या दोघांचं भांडण लागलं. सिनेमात ते म्हातारे प्रोफेसर ग्रहावरच राहून जातात, कारण परतीला हवा पुरत नाही; आणि पुस्तकात रॉकेट मागे वळतं आणि त्यांना घेऊन येतं. तू म्हणायचास, खरं काय ते सिनेमातलं, पुस्तकवाल्यांना शेवट बदलायच्या आधीची गोष्ट मिळाली असेल. रामाजी म्हणायचा, ‘माणूस तसा सोडून येते का कोणी? पुस्तकच खरं.’ आठ दिवस तुमचं हेच चाललं. आई वैतागून म्हणाली होती, की तुम्हीच जा बाबा वर आणि पाहून या.

मग तुम्ही स्वतःचंच पुस्तक करायला घेतलं. चित्रं तुझी, अक्षर रामाजीचं. रॉकेट कापसाच्या बाजारामागून उडायचं, आणि अंतराळवीरांच्या डब्यात भाकर नि ठेचा. तीन कच्च्या वह्या झाल्या. त्यात नुसती चित्रं होती, बोलण्याचे फुगे रिकामे. शेवटी ती लांब पक्की वही केलीत, आणि नागपूरच्या मुलांच्या मासिकाच्या संपादकांचं कार्ड आलं की घेऊन या, पाहू. ते कार्ड तू खिशात घालून गावभर फिरलास. मी तेव्हा चौदा वर्षांची होते, आणि माझा भाऊ आता फार मोठा होणार म्हणून शाळेत मीच जास्त मिरवत होते.

आता ते सांगते.

महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी तू वर्ध्याला गेला होतास. दुपारी रामाजी आला, अंगणातूनच हाक मारली, आणि फुगे भरून झाले म्हणून वही माझ्या हातात दिली. माझ्याच हातात, भाऊ. मी ती तुझ्या कच्च्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि आईसोबत सोळा भाज्या निवडायला बसले. दुसऱ्या दिवशी मखराचा निळा कागद कमी पडला. आई ओरडली, ‘काऊन वं, लक्ष्म्याइच्या मागं असं उघडंबोडकं ठेवतं काय?’ कच्च्या वह्या मला दिल्या आहेत असं तूच म्हणाला होतास. त्यांतलं तुझं शाईनं रंगवलेलं आभाळ मला फार आवडायचं. आदल्या दिवशीचं विसरून मी घाईघाईनं वरची वही ओढली आणि कात्री चालवली. चंद्र कापले, ग्रह कापले, त्यांवर चमकी लावली. इतकं सुंदर मखर आपल्या घरी कधीच झालं नव्हतं. बायका पाहून पाहून जात होत्या. उरलेले तुकडे मी केरात टाकायला निघाले, तेव्हा एका तुकड्यावर रामाजीचं अक्षर दिसलं.

मी ते तुकडे चुलीत घातले. कोणाला सांगितलं नाही. तू मखर पाहिलंस तेव्हा कच्च्या वह्यांचं समजलास आणि माझ्या पाठीवर थाप मारलीस.

जेवणाच्या दिवशी रामाजी आला. सगळे आत जेवले, त्याला आईनं ओसरीवर पत्रावळ मांडली. आपल्या घरी तेव्हा तसंच चालायचं आणि आपल्याला त्याचं काही वाटायचं नाही, हेही आज लिहूनच टाकते. मी आंबील वाढायला गेले, तर तो दारातून आत महालक्ष्म्यांच्या मागे बघत होता. एका ग्रहाच्या कडेला त्याची तीन अक्षरं राहून गेली होती. त्यानं ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातून आंबील सांडली. तो मान खाली घालून जेवला आणि गेला.

संध्याकाळी तू वही मागितलीस. तो म्हणाला, ‘मी मंजूच्या हाती देल्ली.’ तू घरी येऊन मला विचारलंस. बाबा समोर बसले होते. मी म्हणाले, मला नाही दिली. एवढंच बोलले. त्यावर दुसऱ्या दिवशी टॉकीजसमोर, पानठेल्यावरच्या दहा-बारा लोकांत तू त्याला चोट्टा म्हणालास. मासिकात एकट्याच्या नावानं छापायला वही दाबली म्हणालास. आणखी जे बोललास ते मी इथं लिहीत नाही, तुला आठवतच असेल. मी कोपऱ्यावर उभी होते. तो एका शब्दानं म्हणू शकला असता, की जाऊन तुमच्या महालक्ष्म्यांच्या मागे पाहा. पण तो तसं बोलला नाही. मला वाचवायला गप्प बसला, असं मी कितीतरी वर्षं समजत होते आणि मनातल्या मनात त्याला दादा म्हणत होते. मग अक्कल आली तेव्हा कळलं, की त्या पोरानं आपल्या घरच्या देवीकडे बोट दाखवलं असतं तर गावानं त्याचं काय केलं असतं! त्याला तोंड उघडायची सोयच नव्हती. आणि जिला होती, ती मी गप्प बसले.

तू नंतर कधी पेन्सिल हातात घेतली नाहीस. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर साधा गणपती काढ म्हटलं तर नको म्हणालास. एक वही गेली म्हणून नाही रे, मित्र गेला म्हणून तुझा हात थांबला, हे मला माहीत होतं. तरी मी बोलले नाही. आधी बाबांची भीती, मग सासरची लाज, मग वाटलं आता इतक्या वर्षांनी कशाला उकरायचं. माणसाला सबबी काय कमी असतात.

तो आष्टीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाला, हे तुझ्या कानावर असेल. वीसेक वर्षांपूर्वी इथल्या एस.टी. स्टँडवर भेटला. मी तोंड लपवून निघाले होते, त्यानंच हाक मारली. चहा पाजला. माझी, पोरांची चौकशी केली. मग विचारलं, ‘कैलास काढते का चित्रं आता?’ मी नाही म्हणाले. तो ग्लास खाली ठेवत म्हणाला, ‘सोडाले नाई पायजे होतं त्यानं.’ एवढंच. मला तिथंच त्याचे पाय धरायचे होते. माझी गाडी लागली आणि मी चढले. तेव्हापासून ठरवत होते की एकदा आष्टीला जाऊन माफी मागायची. दिवाळी झाली की जाऊ, सोयाबीन निघालं की जाऊ, गुडघा बरा झाला की जाऊ.

भाऊ, रामाजी गेल्या शुक्रवारी गेला. शाळेतून निवृत्त झाला होता, छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. काल त्याच्या बायकोचा, धुरपताबाईंचा फोन आला. येत्या रविवारी आष्टीला त्याचं पुण्यानुमोदन आहे, गेलेल्या माणसाबद्दल सगळे जमून बोलतात ते. त्यांना काहीच ठाऊक नाही. घरी त्यानं कधी सांगितलंच नाही. त्या रडत म्हणाल्या, ‘कैलासभाऊले घेऊन येजा मंजूताई, पोराइले नेहमी त्याइचंच सांगे. दोन शब्द बोलतीन तर बरं वाटन.’ मी हो म्हणाले. चोराच्या घरी तू येणार नाहीस, म्हणून हे लिहिलं. तू ये. तू काही बोलू नकोस, तुझ्यानं बोलवणारही नाही. चार लोकांत चोट्टा म्हटलं गेलं होतं, तेव्हा चार लोकांतच मी उभी राहीन आणि सांगेन की रामाजीनं काही चोरलं नव्हतं, वही मी कापली आणि खोटंही मीच बोलले. ज्यानं ऐकायला हवं होतं तो तिथं नसेल. तू तरी समोर बस.

तुझी म्हणायचं की नाही ते आता तूच ठरव,
मंजू