लंगडी मंदावली नाही

प्रिय नेव्याना,

तू खुशाल असणार, म्हणून ते विचारत नाही. मी रागावले आहे, आणि राग निवायच्या आत पत्र जावं म्हणून टपालवाल्या वेलिकाला ओसरीवर बसवून घेतलंय. ती म्हणते, "आजी, जरा सौम्य सांगा ना." मी म्हटलं, "बोलणी माझी आहेत, तुझं फक्त अक्षर. लिही मुकाट्याने."

वेधशाळेत जाऊन गाव विसरली असशील, तर ऐक. आपल्याकडे कळप वरच्या कुरणावर कोण नेणार हे लंगडी चांदणी ठरवते. दर वसंतात संत जॉर्जच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी सगळे मेंढके खळ्यावर उभे राहतात. आकाशातल्या सात ताऱ्यांच्या गाडीमागे फरपटत येणारी ती मिणमिणती चांदणी ज्याला दिसते, त्याच्या हाती काठी. ज्याला दिसत नाही, त्याने खाली राहून मेंढीच्या दुधाचं चीज बनवायचं. इथे कोणी खोटं बोलत नाही, कारण वर धुकं उतरलं की आपलंच मानगूट मोडतं.

ही लंगडी मुळात आहे काय, हे तूच तर मला सांगितलं होतंस. दोघी मिरच्या माळेत ओवत होतो. म्हणालीस, ती आपल्या सूर्याच्याच जातीची, पण वयाने पुढे गेलेली. पोटातलं जळण संपलं, आता पोटाभोवतीचं जळतंय, म्हणून हळूहळू फुगतेय. अंगाने सूर्याच्या दुप्पट झाली, वरून थोडी निवली, म्हणून पिवळट दिसते. मी म्हटलं, "म्हणजे पन्नाशीतली मी." तू हसून लोळलीस. मग मी विचारलं, फुगून फुगून विझणार कधी? तू म्हणालीस, "आजी, तिला घाई नाही. अजून कोट्यवधी वर्षं फुगणार, आणि विझण्याआधी उलट जास्तच उजळणार. आपल्या हजार पिढ्यांना फरक कळायचा नाही."

हे सगळं माझ्या डोक्यात आहे, बाई. मला वाचता येत नाही, म्हणून माझ्याकडे दुसरी जागा नाही ठेवायला.

आणि यंदा सणाला तू सुट्टीवर आलेली. माझी पाळी आली, मी वर पाहिलं आणि सांगितलं, "दिसत नाही." एवढंच. मी रडले नाही, कोणी हसलं नाही. लंगडी दिसलेल्या कोस्तादिनच्या सुनेने काठी घ्यायला हातही पुढे केला होता. तेवढ्यात तू मध्ये पडलीस. "आजीच्या डोळ्यांचा दोष नाही. लंगडीच यंदा मंदावलीय. वेधशाळेत आम्ही मोजलंय. आता फक्त तरण्या डोळ्यांना दिसेल." वेधशाळेतली पोर म्हटल्यावर कोण उलटं बोलणार? गावाने माना डोलावल्या. माझी काठी माझ्या हातात राहिली. मी तुझ्याकडे पाहिलं, तर तू बुटाची नाडी बांधत बसलीस.

माझी दया आली तुला. मला दुखेल म्हणून एका चांदणीला आजारी पाडलंस. पण मेंढक्यांना तुझी दया कळत नाही, शब्द कळतो. माझ्यापाठोपाठ तुझे मिंचो आजोबा उभे राहिले. माझ्या या दिराला दोन वर्षं लंगडी दिसत नव्हती, खाली चीज बनवत सुखात होते. म्हणाले, "वहिनी, चांदणीच आजारी, तर माझी काय चूक?" आणि तेही कळप घेऊन वर गेले.

परवा ते धुक्यालाच पांढरा खडक समजून दरीच्या कडेला गेले. पुढची मेंढी दरीत गेली, मागून बाकीच्या गेल्या, आणि त्यांना वाचवायला तेही. जिवंत आहेत. कंबर मोडलीय. खाटेवर पडल्या पडल्या भेटायला येणाऱ्याला सांगतात, "डोळे चांगले आहेत माझे, नेव्यानाने मोजलंय." येत्या शरदात संत दिमितारच्या सणाला कळप खाली उतरतील, सगळं गाव खळ्यावर जमेल, आणि पुढच्या वसंतासाठी अजून तिघे म्हातारे काठी मागायला बसलेत. लंगडीला आता कोणी विचारत नाही. मी सांगितलं तर म्हणतात, "म्हातारे, तुला काय कळतं ताऱ्यांतलं?" म्हणून तू ये. त्याच खळ्यावर उभी राहा आणि सांग की चांदणी होती तशी आहे, खोटं तू बोललीस, आणि कोणासाठी बोललीस तेही सांग. माझी लाज वाचवू नकोस. काठी मी कालच कोस्तादिनच्या सुनेला देऊन टाकली.

तुझ्यावर अजून रागावलेली, तरी तुझीच,
स्तामेना आजी